इमामसाबांची अनेकवचनं

महानंदा करजगी मॅडमना इंग्रजी शिकवायला लागून एकोणतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या लाल पेनावर कुणी शंका घेतली नव्हती. सोलापुरातल्या त्यांच्या मुलींच्या शाळेत पोरी एकमेकींना सांगायच्या, करजगी मॅडमनी गोल केलाय म्हणजे चूक आहेच, उगाच शोधत बसू नका. हे मॅडमच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं, खोटं कशाला सांगा.

त्यातही एकवचन-अनेकवचन हा त्यांचा हुकमी धडा. मराठीत आंब्याचे आंबे होतात, दगड कितीही असले तरी दगडच राहतात, आणि सासूच्या सासवा होतात, तरी कुणाची तक्रार नसते. इंग्रजीनं तसलंच काही केलं की मात्र पोरींच्या डोळ्यांत पाणी येतं. मॅनचं मेन, फूटचं फीट, चाइल्डचं चिल्ड्रन, शीपचं परत शीपच. मॅडम हे सगळं टाळ्यांच्या तालावर पाठ करून घ्यायच्या. शब्दाच्या शेवटी एफ आला, तर एफ काढायचा आणि व्ही-ई-एस लावायचं. लीफ, वुल्फ, हाफ, स्कार्फ, सगळे त्याच रांगेत. अपवाद चार: रूफ, चीफ, प्रूफ, बिलीफ. चारच, पाचवा नाही, असं त्या बोट वर करून सांगत.

सहामाही परीक्षेत नववी ब मधल्या समरा शेखनं स्कार्फपुढे नुसता एस लावला. मॅडमनी गोल केला, अर्धा मार्क कापला आणि पान उलटलं.

पालकसभा शनिवारी होती. समराची आई अजीजा टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायला जायची, तिला सुट्टी मिळाली नाही. बाप सरफराज ट्रक घेऊन हैदराबादकडे गेलेला. म्हणून आजोबा आले. इमामसाब नाव. अंगानं काटकुळे, पांढरा कुडता-पायजमा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मॅडमच्या लक्षात राहिला तो त्यांचा उजवा हात. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या कातडीत कसला तरी काळा रंग इतका मुरला होता, की तो आता जन्मात निघणार नव्हता.

आपला नंबर येईपर्यंत ते बाकाच्या कडेला बसून राहिले. मग समोर आले आणि त्यांनी एकूण मार्क किती, नंबर कितवा, यातलं काही विचारलं नाही. पेपर उघडून त्यांनी तो लाल गोल दाखवला.

"मॅडम, येक विचारू का? ह्यो गोल बराबर हाय का?"

अर्ध्या मार्कासाठी भांडायला येणारे पालक मॅडमना नवीन नव्हते. त्यांच्यासाठी त्यांचा एक ठेवणीतला आवाज होता. त्या आवाजात त्यांनी नियम सांगितला, चार अपवाद सांगितले. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. डॉक्टरनं रिपोर्ट वाचून दाखवावा आणि माणसानं ऐकावं, तसा.

"म्हंजे नुसता एस चूकच?"

"चूकच."

"कदीच चालत न्हाय?"

"कधीच नाही, चाचा. हे पाठच करायचं असतं."

इमामसाबांनी पेपरची घडी घातली. मग त्यांनी सांगितलं की ते भवानी पेठेतल्या एका छापखान्यात चव्वेचाळीस वर्षं जुळारी होते. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक जुळवून, पुढं कॉम्प्युटर आल्यावर त्याच्यावर. चादरी-टॉवेलवाल्या व्यापाऱ्यांची लेबलं, खोक्यांवरचे कागद, परदेशी पाठवायच्या मालाच्या याद्या, सगळं त्यांच्या हातून गेलं होतं.

"माज्या हातनं ह्यो शबुद असाच लई येळा गेला मॅडम. समराचं काय चुकलं न्हाय, तिला मीच तसं सांगितलं व्हतं. चूक माजी हाय. अर्धा मार्क राहू द्या तसाच."

हात जोडून ते उठले. दारापर्यंत गेले आणि चप्पल पायात घालायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला असावा, कारण मागचे पालक खोळंबले होते. मॅडम पुढच्या पालकांशी बोलू लागल्या खऱ्या, पण लक्ष लागेना. मार्कासाठी भांडून गेलेली माणसं त्यांनी खूप बघितली होती. आपण आयुष्यभर केलेलं काम चुकलं की काय, एवढंच विचारून निघून गेलेला हा पहिला.

सभा संपल्यावर त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या. कपाटावर जाडजूड शब्दकोश होता. तो शेवटचा कधी खाली काढला होता हे त्यांना आठवेना. धूळ झटकून त्यांनी एसची पानं काढली. मनात हेतू एवढाच, की एकदा बघून टाकू आणि विषय संपवू.

स्कार्फ. अनेकवचन व्ही-ई-एस, किंवा नुसता एस.

त्या 'किंवा'वर मॅडमचं बोट थांबलं. त्यांनी एचची पानं काढली. जनावराच्या खुराला इंग्रजीत हूफ म्हणतात, त्याचंही तेच: हे किंवा ते. डीमध्ये ड्वार्फ काढला. तिथंही दोन्ही. मग त्या खुर्चीत बसल्या. शिपाई खिडक्या लावत होता, त्यानं दोनदा विचारलं, मॅडम कुलूप लावू का. एकोणतीस वर्षांतल्या कुठल्या कुठल्या पोरी होत्या ज्यांच्या बरोबर उत्तराभोवती आपण गोल काढला, आणि त्यांनी मुकाट्यानं तो मान्य केला? आता त्यातल्या काही जणी स्वतः शिक्षिका होत्या. त्याही तसेच गोल काढत असतील.

सोमवारी अर्धा मार्क वाढवून दिला असता, तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण मॅडमच्या डोळ्यांपुढून म्हाताऱ्याचा चेहरा हलेना. रविवारी सकाळी त्यांनी शब्दकोश कापडी पिशवीत घातला आणि रिक्षानं भवानी पेठेत गेल्या. शाळेच्या दप्तरातला पत्ता जवळ होताच. बोळात एका घरातून यंत्रमागाची खडखड येत होती, दारात दोन बायका तेलुगूत बोलत उभ्या होत्या. त्यांनीच जुळारी चाचांचं दार दाखवलं.

दारात मॅडमना बघून समराचा चेहरा पडला. आपलं आणखी काहीतरी चुकलंय असंच तिला वाटलं असणार. मॅडम आत येऊन बसल्या आणि पाणी यायच्या आधीच एका दमात बोलून मोकळ्या झाल्या. "चाचा, काल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. दोन्ही बरोबर आहेत. समराचंही आणि तुमचंही."

इमामसाबांना आनंद झालेला लगेच दिसला नाही. त्यांनी विचारलं, "कुटं लिवलंय?"

मॅडमना हे अपेक्षित होतं, म्हणूनच तर त्यांनी ते ओझं आणलं होतं. त्यांनी पान उघडून दिलं. इमामसाबांनी ओळीवर नख ठेवलं आणि एकेक अक्षर करत ती ओळ वाचली. मग तीच ओळ उलटीकडून, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली. प्रूफ तपासायची त्यांची ती रीत होती. उलटं वाचलं की डोळा अंदाजानं पुढं पळत नाही, जे आहे तेच दिसतं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि कुडत्याच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"रातभर मोजत व्हतो मॅडम," ते म्हणाले. "कुणाकुणाच्या मालावर चूक गेली ते."

अजीजा चहा घेऊन आली. सासऱ्याचं तोंड उजळलेलं बघून तीही खुलली आणि म्हणाली, "मॅडमको वो किताबां दिखाव ना अब्बा."

समरा कासावीस झाली. आईच्या कानाशी लागून ती हळूच म्हणाली, "अम्मी, किताबां नहीं, किताबें बोलते." शाळेत हिंदीच्या तासाला तिच्या 'लोगां'ला आणि 'बातां'ला वर्ग हसला होता, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक अनेकवचनाची तिला लाज वाटायची. अजीजानं उगाचच पदर सारखा केला.

मॅडमनी कप खाली ठेवला. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कन्नड. पहिलीत असताना मराठी बाईंपुढं त्या घाबरून 'झाडगळु' म्हणाल्या होत्या, झाड मराठी आणि शेपूट कन्नड. तो वर्ग कसा हसला होता ते त्यांच्या अजून कानात होतं. ते त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आज समराला सांगितलं. आणि म्हणाल्या, "तुझ्या अम्मीचं किताबां बरोबर आहे. पुस्तकात किताबें लिही, घरात किताबां म्हण. दोन्ही तुझीच आहेत."

पोर आईला खेटून बसली.

किताबां म्हणजे तीन जाड वह्या निघाल्या, छापखान्यातल्या उरल्यासुरल्या कागदांच्या, हातानं शिवलेल्या. इमामसाबांचं शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. सोळाव्या वर्षी छापखान्यात लागले, तेव्हा इंग्रजी अक्षरं त्यांनी शिशाच्या खिळ्यांवरच शिकून घेतली, तीही आरशातल्यासारखी उलटी. अर्थ कळायचा नाही, पण एकच शब्द एका मजकुरात दोन तऱ्हांनी आला की डोळ्याला खटकायचा. मालक गुरप्पा अण्णांचा शिरस्ता होता, खटकलं तर जुळवायचं नाही, आधी विचारून यायचं. मग इमामसाब सायकल काढून गिऱ्हाइकाकडे जायचे आणि आल्यावर वहीत लिहून ठेवायचे: शब्द कोणता, दोन रूपं कोणती, कुणी काय सांगितलं, तारीख.

मॅडम पानं उलटू लागल्या आणि चहा निवून गेला.

श्रीपूरच्या साखर कारखान्याचा अहवाल होता. त्यात मेमोरँडमचं अनेकवचन एका वर्षी मेमोरँडा, सतरा वर्षांनी मेमोरँडम्स, आणि खाली बारीक अक्षरांत साहेबाचं म्हणणं, की कुठलंही ठेवा पण अहवालभर एकच ठेवा. केम गावच्या एका जनावरांच्या डॉक्टरनं खुरांच्या आजारावर पत्रक काढलं होतं, त्यानं हूफला नुसता एस लावायला सांगितला होता. चर्चच्या पाद्रीबाबांनी समजावलं होतं, प्रार्थनेतल्या भावांना ब्रेद्रन म्हणा, घरच्या भावांना ब्रदर्स. एका रोपवाटिकेवाल्यानं कॅक्टसचं कॅक्टाय केलं होतं आणि त्याच्याच मुलानं पुढं कॅक्टसेस. चादरीवाल्या व्यापाऱ्यानं तर बजावलं होतं की क्लॉथला नुसता एस लावला तर ते टेबलावर घालायचं, मध्ये ई आला की ते अंगावर घालायचं. चुकलात तर परदेशात आपलं हसं होईल. त्या पानावर इमामसाबांनी लाल शाईनं चौकट केली होती.

आणि फॉर्म्युलाचं पान. पहिल्या वीस वर्षांत जिथं बघावं तिथं शेवटी एई. मग अधूनमधून एस. शेवटच्या दहा वर्षांत एई जवळजवळ नाहीच. एक शब्द आपलं जुनं लॅटिन शेपूट हळूहळू टाकून देत होता, आणि भवानी पेठेतल्या एका जुळाऱ्यानं ते होताना टिपून ठेवलं होतं. अशा नोंदींसाठी मोठ्या विद्यापीठांत माणसं नेमतात, हे मॅडमना ठाऊक होतं. इथं ते काम एका सायकलीवर झालं होतं, आणि करणाऱ्याला वाटत होतं की आपण फक्त चूक होऊ नये म्हणून लिहून ठेवतोय.

"चाचा, हे तुम्ही कुणाला दाखवलं नाही?"

"कुणाला दाखवू? ह्यात नवं काय हाय? लोकांनीच सांगितलेलं हाय सगळं." मग थोडं थांबून म्हणाले, "पर येक समजलं. शबुद बी कूस बदलतात की. लई सावकाश बदलतात, येवढंच."

मॅडमनी मग आपल्याला ठाऊक असलेलं सांगितलं. हजार वर्षांपूर्वी इंग्रजीत बुकचं अनेकवचनही फूटच्या फीटसारखंच आतून बदलायचं. पुढं बुकनं ते सोडलं आणि एस लावून घेतला. इमामसाब मनापासून हसले. "म्हंजे बुक गेलं फुडं आन फूट राहिला मागं." अजेंडा हा मुळात अनेकवचनी शब्द, इंग्रजांनी तो एकवचन करून टाकला, हे ऐकल्यावर ते म्हणाले, आपल्याकडं नाही का, बसमध्ये एक लेडीज चढली म्हणतात. आजवर 'एक लेडीज' म्हणणाऱ्या पोरींना मॅडमनी किती वेळा झापलं होतं. त्यांना हसू आवरेना.

शहरातल्या काही शाळांचे इंग्रजी शिक्षक मिळून एक सामायिक प्रश्नसंच आणि उत्तरसूची काढत. मॅडम त्या समितीवर होत्या, आणि अनेकवचनांचं पान गेली बारा वर्षं त्यांनीच लिहिलेलं होतं. पुढची बैठक शुक्रवारी होती. त्यांनी वह्या मागितल्या. इमामसाबांनी नम्रपणे नाही म्हटलं. वह्या एकट्या कुठं जात नाहीत, गेल्या तर त्यांच्याबरोबर तेही येतील. मॅडम म्हणाल्या, मग याच.

समितीचे अध्यक्ष मानसिंग रजपूत, एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. शिस्तीचे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. दहा-बारा शिक्षक टेबलाभोवती बसले, इमामसाब दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर वह्या. मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी आधी आपलीच चूक सांगितली. बारा वर्षं उत्तरसूचीत आपण एकच रूप बरोबर धरलं, शब्दकोश बघितला नाही, आणि मुलींचे मार्क कापले गेले. अकरा शब्दांपुढं दोन्ही रूपं द्यावीत अशी त्यांची मागणी होती.

रजपूत सरांना ते पटलं नाही. शब्दकोशात हजार गोष्टी असतात, ते म्हणाले. परीक्षेत दोन उत्तरं दिली की मुलं गोंधळतात आणि तपासणारेही. एक नियम, एक उत्तर. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मग दाराकडं बघून त्यांनी विचारलं, की हे गृहस्थ कोण.

इमामसाब उठून उभे राहिले. "साहेब, मी छापखान्यातला माणूस. मला तुमच्यावानी येत न्हाय. पर पोरगी चुकली तर चूक म्हणा, त्याचं काय न्हाय. बराबर लिवल्यालं चूक म्हणलं, तर ती चूक तिची ऱ्हात न्हाय. ती आपली हुती."

रजपूत सरांनी वह्यांसाठी हात पुढं केला. इमामसाबांनी तीन वह्या टेबलावर ठेवल्या आणि परत जाऊन बसले.

सरांनी आधी वरवर चाळल्या. मग वेग कमी झाला. मधल्या वहीत एका पानावर ते थांबले ते थांबलेच. चष्मा वर सरकवून त्यांनी ते पान डोळ्यांजवळ नेलं. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. "सिलॅबस. शाळेची स्मरणिका. पान चारवर शेवटी आय, पान नऊवर ई-एस. रजपूत सरांना घरी जाऊन विचारलं. म्हणाले, दोन्ही चालतं, राहू द्या तसंच." खाली तारीख होती, एकोणीसशे एक्क्याण्णवची.

कुणीतरी खोकल्यासारखं केलं. सरांनी वही मिटली नाही.

"तुम्ही आला होता," ते म्हणाले. "मी जेवत होतो. तुम्ही अंगणात उभे राहिला होता."

"व्हय साहेब."

"मग हे पान तुम्ही आधीच का नाही दाखवलं?"

"तुमचं नाव हाय त्यात, म्हणून. तुमी शबुद बघून ठरवावं, नाव बघून न्हवं, असं वाटलं."

रजपूत सर उठले, दाराजवळची खुर्ची स्वतः उचलून त्यांनी टेबलाशी आणून ठेवली आणि इमामसाबांना बसायला सांगितलं. पुढचा दीड तास वह्या टेबलाभोवती फिरत होत्या. प्रत्येक शब्द आधी शब्दकोशात बघायचा, मग वहीत, आणि मग ठरवायचं. अकरांपैकी आठ शब्दांना दोन्ही रूपं मान्य झाली. तीन राहिले. मान्य झालेल्यांत सिलॅबससाठी तर मत घ्यायचा प्रश्नच आला नाही. राहिलेल्या तीन शब्दांसाठी मॅडम भांडत होत्या, तेव्हा इमामसाबच म्हणाले की त्या शब्दांचा आपल्याकडंही पुरावा कमी आहे, तर राहू द्यावं.

सोमवारी मॅडमनी नववी ब च्या वर्गात जाऊन जे समितीपुढं सांगितलं होतं तेच पोरींना सांगितलं. समराला आणि आणखी तिघींना अर्धा अर्धा मार्क परत दिला. फळ्यावरच्या चार अपवादांपुढं त्यांनी 'इत्यादी' लिहिलं. पोरी एकमेकींकडं बघत राहिल्या. करजगी मॅडम चुकल्या ही बातमी मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर झाली, आणि गंमत म्हणजे त्यानंतर त्यांच्या तासाला पोरी जास्त हात वर करू लागल्या.

महिन्याभरानं, एका शनिवारी, मॅडमनी इमामसाबांना वर्गात बोलावलं. ते इस्त्रीचा कुडता घालून आले. अजीजानं त्या दिवशी अर्धी रजा काढली होती, ती दाराशी उभी होती. समरानंच आजोबांची ओळख करून दिली, आणि देताना म्हणाली, "हमारे दादा ने इंग्रेजी की बहुत बातां लिखके रक्खे." वर्गात कुणी हसलं नाही. एका पोरीनं विचारलं, चाचा, तुम्हाला इंग्रजी बोलता येतं का?

"न्हाय," इमामसाब म्हणाले. "वाचता येतं. उलटं सुलटं दोन्ही."

आणि खडू घेऊन त्यांनी फळ्यावर पहिला शब्द लिहिला, आरशातल्यासारखा उलटा. महानंदा करजगी मॅडम शेवटच्या बाकावर दोन पोरींच्या मध्ये दाटीवाटीनं बसल्या होत्या. तो शब्द कोणता ते त्यांना पटकन लागेना, म्हणून तो सुलटा लिहून घेणाऱ्या शेजारच्या पोरीच्या वहीत त्यांनी वाकून बघितलं.